वेम्बलीची दोन तिकिटे : खानापूरच्या एका निवृत्त सुभेदारांचे प्रकरण

खानापूर तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार. वय साठीच्या पुढे, मराठा लाइट इन्फंट्रीत असताना रेजिमेंटच्या संघातून बॉक्सिंग खेळलेले. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये कौर सिंगने हेवीवेटचे, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचे, सुवर्ण जिंकले, तेव्हा हे नुकतेच भरती झाले होते. दोनच वर्षांपूर्वी त्याच कौर सिंगने दिल्लीत मुहम्मद अलीसमोर प्रदर्शनीय लढतीत ग्लोव्ह्ज चढवले होते. फौजेतला एक जवान अलीसमोर उभा राहिला, ही गोष्ट त्या काळच्या बराकींत रोज कोणी ना कोणी सांगायचे. सुभेदारांच्या मनात हेवीवेटची मोठी लढत डोळ्यांनी बघायची इच्छा तिथे रुजली. ती पुरी व्हायला चाळीस वर्षांवर काळ गेला.

त्यांची मुलगी बेळगावात नर्सिंग शिकून इंग्लंडला गेली. नवऱ्याबरोबर रेडिंगला राहते. २०२५च्या जूनमध्ये तिचे बाळंतपण होते, म्हणून आईवडिलांनी जाऊन यायचे ठरले. मी बेळगावात प्रवासाची आणि व्हिसाची कामे करतो. हे कुटुंब माझ्याकडे आले ते व्हिसासाठी; बॉक्सिंगचा विषयही नव्हता. एप्रिलअखेरीस घोषणा झाली : १९ जुलैला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर युक्रेनचा ओलेक्सांदर उसिक विरुद्ध ब्रिटनचा डॅनियल दुबुआ, चारही प्रमुख संघटनांचे हेवीवेट पट्टे, म्हणजे जगज्जेतेपदे, पणाला. त्या वेळी सुभेदारांच्या व्हिसा अर्जाची तयारी चालू होती आणि जाण्याची तारीख लढतीच्या आधीची होती.

पुढे काय झाले ते कुटुंबाच्या परवानगीने, नावे न देता लिहितो आहे. आपल्या भागात फौजी घरे पुष्कळ, तालमीत वाढलेली पोरे पुष्कळ, आणि परदेशात लेक-मुलगा असणारी घरे आता गल्लोगल्ली आहेत. अशी इच्छा आणखी कोणाच्या घरात असेलच. ती कशी पुरी होते आणि कुठे पैसे बुडू शकतात, हे या एका प्रकरणात जवळजवळ सगळे आले आहे.

आधी व्हिसा, आणि तो बाळासाठी

घोषणा होताच सुभेदारांचा मुलगा (तो बेळगावात टिळकवाडीला राहतो) माझ्याकडे आला. त्याचा पहिला प्रश्न : लढतीचे तिकीट काढून अर्जाला जोडले तर व्हिसा लवकर होईल का?

होत नाही. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाचा असतो. त्यात नातेवाइकांना भेटणे, फिरणे, सामना बघणे सगळे बसते. तिकीट जोडल्याने अर्जाचे वजन वाढत नाही. उलट व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कशात घालू नका, असा तिथल्या सरकारचाच सल्ला आहे. अधिकारी बघतो ते एवढेच : खर्च कोण करणार, माणूस परत येणार का, इथे त्याचे काय आहे.

सुभेदारांचे इथे काय आहे ते स्वच्छ होते. पेन्शन आहे, घर आहे, शेती आहे. पण शेतीचा उतारा कन्नडमध्ये. आपल्या सीमाभागातल्या अर्जदारांनी हे आधीच लक्षात घ्यावे : कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावेच लागते. नुसता कन्नड उतारा स्कॅन करून चढवला तर तो तिथे न वाचताच बाजूला पडतो. आम्ही भाषांतर करून घेतले, बँकेचे सहा महिन्यांचे विवरण आणि जावयाचे निमंत्रणपत्र लावले, आणि बोटांचे ठसे द्यायला दोघांना पणजीला पाठवले. खानापूरहून पुणे-बंगळूरपेक्षा गोवा जवळ. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, शुल्क त्या एप्रिलपासून १२७ पौंड झाले होते, आणि निर्णय साधारणपणे तीन आठवड्यांत येतो.

इतका तपशील एवढ्यासाठी दिला की या प्रकरणातली सर्वांत बळकट बाजू इथेच होती. प्रवास बाळासाठी ठरला होता. लढत झाली नसती तरी तो वाया जाणार नव्हता.

बॉक्सिंगचे तिकीट वेगळे का

क्रिकेटचा सामना एका खेळाडूचा खांदा दुखला म्हणून रद्द होत नाही. बॉक्सिंगमध्ये सगळा कार्यक्रम दोन माणसांच्या शरीरांवर उभा असतो. टायसन फ्युरी आणि उसिक यांची पहिली लढत १७ फेब्रुवारी २०२४ला रियाधमध्ये ठरली होती. दोनेक आठवडे आधी सरावात फ्युरीच्या डोळ्यावर जखम झाली आणि लढत १८ मेवर गेली. क्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन यांची लढत ऑक्टोबर २०२२मध्ये लंडनला व्हायची होती. उत्तेजक चाचणीचे प्रकरण आदल्या काही दिवसांत बाहेर आले आणि ती रद्द झाली. पुढे झाली ती थेट २६ एप्रिल २०२५ला. माइक टायसन आणि जेक पॉल यांची २० जुलै २०२४ची लढत टायसनच्या पोटातल्या अल्सरमुळे १५ नोव्हेंबरला गेली.

आमच्या प्रकरणात तर दुबुआचे उदाहरण अगदी ताजे होते. फेब्रुवारी २०२५मध्ये रियाधला त्याची जोसेफ पार्करशी लढत होती. लढतीच्या आठवड्यात तो आजारी पडला, आणि त्याच्या जागी दोन दिवसांत मार्टिन बाकोलेला आणून उभे केले. तिकीटवाल्यांना बघायला मिळाले ते पार्कर-बाकोले.

अशा वेळी लढत रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, पुढे ढकलली तर बहुधा तेच तिकीट नव्या तारखेला चालते किंवा परतावा मागता येतो. पण एकाच्या जागी दुसरा उतरला आणि कार्यक्रम झाला, तर परतावा मिळेलच असे नाही. लढतींची यादी बदलू शकते असे अटींत लिहिलेलेच असते. विमान आणि हॉटेल यांचा तर तिकीट विकणाऱ्याशी काहीच संबंध नसतो. मे महिन्यात रियाधला जाता न आलेल्या माणसाला फेब्रुवारीच्या विमानाचे पैसे कोण देणार?

म्हणून माझे ठाम मत आहे की लढतीच्या तिकिटावर परदेशप्रवास टांगू नये. प्रवासाला स्वतःचे कारण असावे, आणि तिकीट त्यात नंतर बसवावे. हे मी त्या मुलालाही सांगितले. त्याला ते पटले, पण वडिलांचा उत्साह बघून तो थांबायला तयार नव्हता. त्याचेही चूक म्हणता येत नाही. बाप आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागत होता.

पहिला प्रयत्न फसला

मोठ्या लढतीची तिकिटे एकदम बाजारात येत नाहीत. आधी नोंदणी केलेल्यांना पूर्वविक्री, मग खुली विक्री, आणि त्याला समांतर जेवणखाणासह महागडी पॅकेजे. नोंदणी फुकट असते आणि ती ज्याच्या ईमेलवर केली त्यालाच दुवा येतो. मुलाला हे कळले तेव्हा पूर्वविक्री होऊन गेली होती. खुल्या विक्रीला बहीण ड्युटीवर, दाजी कामावर, म्हणून हाच बेळगावात लॅपटॉप उघडून बसला. उन्हाळ्यात ब्रिटनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. हा हिशेब त्याने बरोबर केला होता.

रांगेत नंबर आला, खालच्या मजल्यावरच्या दोन खुर्च्या निवडल्या, कार्डाचा नंबर घातला. व्यवहार नाकारला. पुन्हा घातला, पुन्हा नाकारला. खुर्च्या राखून ठेवण्याची मिनिटे संपली आणि त्या दुसऱ्याच्या पदरात गेल्या.

कार्डात पैसे होते. अडचण अशी की रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नवे कार्ड येते ते देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या वापरापुरतेच चालू असते. परदेशी व्यवहार आणि ऑनलाइन व्यवहार ग्राहकाने बँकेच्या ॲपमध्ये स्वतः चालू करायचे असतात, त्यांची मर्यादाही स्वतः ठरवायची असते. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण विक्रीच्या रांगेत ती दोन मिनिटे मिळत नाहीत. आणखी एक : परदेशी चलनातल्या खरेदीवर बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के वरकड आकारतात आणि त्यावर जीएसटी. दोन तिकिटांना ही रक्कम जाणवण्याइतकी होते. तिथे राहणाऱ्या नातेवाइकाने तिथल्या कार्डावर काढणे दोन्ही बाजूंनी सोयीचे.

व्हॉट्सॲपवरचा माणूस

मे सरला, व्हिसा आला, जूनमध्ये दोघे रेडिंगला पोचले, नातू झाला. तिकीट मात्र नव्हते. अशात मुलाला एका व्यायामशाळेच्या ग्रुपवरून कोणाचा तरी नंबर मिळाला. समोरचा म्हणाला, मी लंडनला आहे, माझ्याकडे दोन आहेत, जायला जमत नाही. तिकिटांची पीडीएफ पाठवली. निम्मे पैसे आत्ता, रुपयांत, यूपीआयने भारतातल्या खात्यावर, उरलेले भेटीत.

मुलगा मला विचारायला आला ही मोठीच गोष्ट. तीन गोष्टी तिथल्या तिथे खटकल्या. वेम्बलीसारख्या मोठ्या मैदानांवर तिकीट आता विक्रेत्याच्या ॲपमध्ये असते. बऱ्याचदा त्यातला बारकोड दर काही सेकंदांनी बदलतो, आणि काही वेळा तर लढतीच्या थोडे दिवस आधीपर्यंत तो दिसतही नाही. त्यामुळे पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट म्हणजे फक्त चित्र. दुसरे, त्यात ब्लॉक होता पण रांग आणि खुर्ची पुसलेली. ब्रिटनच्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार फेरविक्रीच्या संकेतस्थळांवरच्या जाहिरातीत जागा, मूळ किंमत आणि तिकिटावरची बंधने सांगावीच लागतात. जो खुर्ची लपवतो त्याच्याकडे बहुधा खुर्ची नसते. तिसरे, खरे तिकीट ज्याच्याकडे असते तो ॲपमधून ते दुसऱ्याच्या खात्यावर पाठवू शकतो. त्याला म्हटले, आधी बहिणीच्या खात्यावर पाठव, ती लगेच पौंडांत पैसे देईल. उत्तर आले नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटे परवानगीशिवाय परत विकणे हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे. बॉक्सिंगला तो कायदा लागू नाही. त्यामुळे खुल्या फेरविक्री संकेतस्थळांवर मोठ्या लढतींची तिकिटे उघडपणे मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने टांगलेली असतात. ती खोटी असतीलच असे नाही, पण मोह आवरावा. मूळ किमतीपेक्षा जास्त दराने तिकीट परत विकण्यावर बंदी आणण्याचा निर्णय ब्रिटन सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केला आहे.

शेवटच्या आठवड्यात

मुलीला मी एकच काम सांगितले होते : आयोजकाने जाहीर केलेल्या मूळ विक्रेत्याचे ॲप फोनवर ठेव आणि बाळाला पाजताना, झोपवताना, जमेल तेव्हा उघडून बघ. कारण हे आहे की स्टेडियम नव्वद हजारांचे. सप्टेंबर २०२४मध्ये जोशुआ-दुबुआ लढतीला याच वेम्बलीवर ९६,००० लोक होते. इतक्या लोकांत शेवटच्या आठवड्यात कोणाचे काम निघते, कोणाचा मित्र येत नाही, आयोजकांनी राखलेल्या काही जागाही सुटतात. छोट्या बंदिस्त सभागृहात असे फारसे घडत नाही. २ मे २०१५ची मेवेदर-पॅक्याव लढत लास वेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये झाली. सर्वांत स्वस्त तिकीट १,५०० डॉलर, आणि तीही तिकिटे सामान्य लोकांसाठी लढतीच्या जेमतेम दीड आठवडा आधी उघडली. बहुतेक जागा कॅसिनो, आयोजक आणि वाहिन्या यांनी आधीच वाटून घेतल्या होत्या. म्हणून स्टेडियमवरची लढत ही बाहेरून येणाऱ्या साध्या माणसाची लढत, असे मी मानतो.

लढतीच्या आठवड्यात ॲपमध्ये एका वेळी दोन जोड्या दिसल्या. एक मैदानावरच्या खुर्च्यांची, रिंगपासून बरीच मागची. दुसरी स्टँडच्या खालच्या मजल्यावरची, थोडी तिरकी, किंमत जवळपास तितकीच. जावयाचे मत मैदानाकडे. जमिनीवर, रिंगच्या बाजूला, टीव्हीत दिसतात तशा. सुभेदारांनी एका वाक्यात निकाल दिला : "जावईबापू, सपाटीवर मागं बसून काय दिसणार हाय की? पुढच्याची टाळकी बगायची, दुसरं काय!"

ते पूर्ण बरोबर होते. रिंगचा तळ जमिनीपासून जेमतेम माणसाच्या कमरे-छातीएवढा उंच असतो. मैदानावर खुर्च्या सपाट मांडलेल्या, आणि रंगात आल्यावर पुढचे सगळे उभे राहतात. पहिल्या काही रांगा सोडल्या तर तिथून लढत दिसते ती पडद्यावरच. आपल्याकडे हे कोणाला शिकवायला नको. कोल्हापूरचे खासबाग शाहू महाराजांनी बशीसारखे खोलगट बांधून घेतले ते याचसाठी, की शेवटच्या माणसालाही आखाडा दिसावा. सुभेदारांनी खासबागेत कुस्त्या बघितल्या आहेत. तिथे डोळा तयार झालेला माणूस वेम्बलीत बसायला चुकत नाही.

मुलीने खालच्या मजल्यावरच्या दोन घेतल्या, तिच्या कार्डावर, तिच्याच खात्यात. मग त्या नवऱ्याच्या खात्यावर पाठवल्या, कारण जाणार होते सासरे-जावई. वडिलांच्या फोनवर मुद्दाम पाठवल्या नाहीत. तो फोन खानापूरच्या सिमवर, रोमिंग नाही, ॲपमध्ये शिरायला ओटीपी लागला तर तो येणार कुठून? दोन्ही तिकिटे एका फोनवर असली की दोघांनी दारातून बरोबर आत जावे लागते, एवढेच पथ्य.

लढतीचा दिवस

तो शनिवार होता, आणि याचा फायदा झाला. रेडिंगहून पॅडिंग्टन, तिथून बेकर स्ट्रीट, तिथून वेम्बली पार्क. जाणे सोपे. कठीण असते ते परतणे. नव्वद हजार माणसे एकदम सुटतात आणि स्टेशनच्या दारात पोलीस टप्प्याटप्प्याने सोडतात. शुक्रवारी-शनिवारी ज्युबिली लाइन रात्रभर चालते, त्यामुळे लंडनमध्ये पोचण्याची चिंता नव्हती. रेडिंगची शेवटची गाडी चुकली तर जावयाच्या लंडनमधल्या मित्राकडे मुक्काम, हे दोन दिवस आधीच बोलून ठेवले होते. साठी उलटलेल्या माणसाला मध्यरात्री फलाटावर उभे करायचे नाही, यावर मुलगी ठाम होती.

सुभेदारीणबाईंनी भाकरी-चटणीची पिशवी भरली होती, ती घरीच राहिली. वेम्बलीत ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, आणि रोख पैसेही चालत नाहीत, सगळे कार्डावर. तिकिटे निघण्याआधी घरच्या वायफायवर फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घेतली, कारण इतक्या गर्दीत नेटवर्कचा भरवसा नसतो. सोबत पॉवर बँक.

छोट्या लढती संध्याकाळपासून चालू होतात आणि मुख्य जोडी रिंगकडे निघते ती रात्री पावणेदहाच्या सुमारास. बहुतेक लोक उशिरा येतात. सुभेदार मात्र पहिल्या लढतीपासून जागेवर होते, आणि मला त्यांची ही गोष्ट फार आवडली. जावई मोठ्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मामा, किती मोठा हाय बगा." ते म्हणाले, "पडदा नगो. पाय बगा त्याचे." उसिक डावखुरा. समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर आपला पाय कसा ठेवतो, तिथून डावा हात कसा मोकळा होतो, हे ते जावयाला समजावत राहिले. पाचव्या फेरीत तोच डावा हात बसला आणि दुबुआ उठला नाही. चारही पट्टे उसिककडे गेले.

नातेवाईक नसतील तर

हे प्रकरण सांगितले की लोक म्हणतात, त्यांची मुलगी तिथे होती म्हणून जमले. खरे आहे. तिथले कार्ड, तिथला फोन नंबर, रात्रीचा आसरा आणि शेवटच्या आठवड्यात खरेदी करण्याची मोकळीक, हे सगळे तिच्यामुळे मिळाले. ज्यांचे तिथे कोणी नाही त्यांनी परदेशी व्यवहार चालू केलेली दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे ठेवावीत, ओटीपीसाठी आपल्या नंबरवर रोमिंग घ्यावे, विक्रेत्याच्या ॲपवर खाते भारतातूनच उघडून पडताळून ठेवावे, आणि हॉटेल फुकट रद्द करता येईल असेच घ्यावे. अमेरिकेतली लढत असेल तर आधी अमेरिकेचा व्हिसा हातात असायला हवा. तिथे मुलाखतीची तारीख मिळेपर्यंतच लढत होऊन जाते, कारण मोठ्या लढती जेमतेम दोन-तीन महिने आधी जाहीर होतात.

आणि मोठ्या लढतीचे तिकीट नाहीच मिळाले, पण लंडनला जाणे होणारच असेल, तर बेथनल ग्रीनचा यॉर्क हॉल बघावा. १९२९चे सभागृह, बाराशेच्या आसपास माणसे मावतात. ब्रिटनचे कितीतरी बॉक्सर तिथे घडले. तिथे वरचेवर लढती असतात, तिकीट मोठ्या लढतीच्या मानाने फार स्वस्त, आणि कुठेही बसले तरी ग्लोव्ह लागल्याचा आवाज ऐकू येतो. सुभेदारांच्या पुढच्या खेपेसाठी मी तेच सुचवले आहे. त्यांनी मुलीला आत्तापासूनच तिथल्या तारखा बघायला लावल्या आहेत.